कान दुखतो? आधी वजन कमी करा!

बीपीचा पट्टा दंडाला पुरत नाही. नर्स तो ओढूनताणून बसवते, पंप मारते आणि पट्टा चर्र करत सुटतो. दुसऱ्या खेपेला जेमतेम टिकतो, आकडा येतो १५०. दंड जाड नि पट्टा लहान असला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, हे डॉक्टरांना शिकवलेलं असतं. तरी कागदावर तोच आकडा चढतो. ‘आधी वजन कमी करा,’ डॉक्टर मान वर न करता सांगतात. बाई आल्या होत्या कान दुखतो म्हणून.

वजनाचा मधुमेहाशी, गुडघ्यांशी संबंध आहेच. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कमी करा’ म्हटल्यावर शरीर काय करतं, ते अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१६ मध्ये दाखवलं. ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या १४ जणांना त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. एवढं होऊनही त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे ज्वारीच्या अडीच-तीन भाकऱ्या! दुष्काळ पडलाय असं समजून शरीर हात आखडतं आणि सुकाळ आला तरी सैल सोडत नाही. आपण मात्र म्हणतो, जिभेवर ताबा नाही.

काटा बारक्यांनाही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ‘तुम्हाला कसली शुगर?’ म्हणत सडपातळ माणसाला परत पाठवणारा आणि कानदुखीला वजन चिकटवणारा, दोघेही डोळ्यांनीच निदान करतात.

टोमण्यांनी वजन उतरत नाही. माणूस दवाखाना टाळतो आणि आजार उशिरा कळतो. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये वजनावरून हिणवणं थांबवा असं निवेदन केलं, शंभरावर संस्थांनी त्याला पाठिंबा दिला.

निवेदन गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर पट्टा दंडाला पुरत नसेल तर मोठा पट्टा मागून घ्या. तो बाजारात मिळतो.