जुन्या गाडीचं इंजिन घरी बांधताना

आज बोलायचंय इंजिनबद्दल. हसू नका, विषय आपल्याच पोटापाण्याचा आहे.

आमच्या घरी १९८० च्या दशकातली डिझेल पिकअप आहे, मामंजींनी घेतलेली. गटाचा भाजीपाला तीच बाजाराला नेते. गेल्या उन्हाळ्यात ती घाट चढेना. बाजार चुकला की माल बांधावरच व्यापाऱ्याला द्यावा लागतो, आणि भाव तो सांगेल तो. नवी गाडी घ्यायची तर कर्जाचा हप्ता. म्हणून बैठकीत ठरलं, इंजिन घरीच उघडायचं. माझे दीर काही वर्षं गॅरेजात होते. त्यांच्या हाताखाली आम्ही चौघी.

उघडण्याआधी दुखणं ओळखायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरतंय. आमचा धूर निळा होता. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं तर तिथूनही भकाभका धूर येई. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. मग दाब मोजला. चारपैकी दोन सिलिंडरमध्ये तो फारच कमी निघाला.

काम सुरू करताना आधी बॅटरीची वायर काढायची. पाणी आणि ऑइल डब्यात उतरवायचं. जुनं ऑइल ओढ्यात किंवा मातीत ओतू नका. इंजिनचं वजन दोन-तीन माणसांइतकं असतं. ते झाडाच्या फांदीला टांगायचं नाही, मजबूत घोडीला चेन पुली लावूनच उचलायचं. खाली कुणी उभं राहायचं नाही. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या.

सुटा झालेला प्रत्येक भाग कुठला ते लिहून ठेवायचं. इथेच आमची चूक झाली. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर मी खडूने नंबर घातले. भाग डिझेलने धुतले आणि खडू पुसला गेला! प्रत्येक टोपी तिच्याच रॉडबरोबर घासून जुळवलेली असते, दुसरीला चालत नाही. ही चूक आम्हाला नंतर भोवली. नंबर पंचाने ठोकून टिंब करा, फोटोही काढा.

आता कुठलं काम घरचं आणि कुठलं बाहेरचं? सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, गोल राहत नाही. ते डोळ्याला दिसत नाही, मापानेच कळतं. म्हणून ब्लॉक आणि क्रँक लेथवाल्याकडे न्यायचे. त्याचा एक नियम पाठ करून ठेवा: मोजल्याशिवाय पिस्टन आणू नका, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू नका. पिस्टन मोजूनच तो बोअर ठेवतो. डिझेल पंप आणि नोझलही घरी उघडायचे नाहीत, ते पंपवाल्याचं काम.

वॉल्व्ह मात्र आम्ही घरीच बसवले. पेस्ट लावून काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची, ताक घुसळताना रवी फिरते तशी. मग वरून रॉकेल ओतून बघायचं. खाली झिरपलं नाही तर वॉल्व्ह बसला.

जोडणीत स्वच्छता महत्त्वाची. वाळूचा एक कण बेअरिंग खातो. म्हणून अंगणात सडा मारला, भाग धुतलेल्या सुती कापडाखाली झाकले. प्रत्येक भागाला ऑइल लावून बसवला. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात असतं.

टोप्या आवळल्या आणि क्रँक हाताने फिरेना. पुन्हा सगळ्या सोडल्या. मग एकेक आवळायची आणि क्रँक फिरवून बघायचा. दोन आणि तीन नंबरच्या टोप्यांची अदलाबदल झाली होती. तसंच स्टार्टर मारलं असतं तर नवी बेअरिंग गेली असती. म्हणून टायमिंगच्या खुणा जुळवल्यावरही इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं.

डिझेलच्या नळीतली हवा काढली, ऑइलचा दाब आला का पाहिलं आणि मग चावी फिरवली. तिसऱ्या वेळेला धरलं! इंजिन बंद खोलीत चालवू नका, त्याचा धूर जीवघेणा असतो. पहिले ५०० किलोमीटर भार कमी ठेवला, मग ऑइल बदललं.

कागदाचंही सांगते. आपलाच ब्लॉक ठेवला तर इंजिन नंबर तोच राहतो. दुसरं इंजिन बसवायचं तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. ५० वर्षांपुढची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग तिच्यावर धंदा करता येत नाही.

आता पिकअप पुन्हा घाट चढते. गटाच्या दप्तरात एक नवी वही आहे, गाडीची. कधी ऑइल बदललं, कोणता भाग कधी घातला, सगळं तीत असतं. तुमच्या गटाकडे गाडी, गिरणी किंवा पंप असेल, तर या आठवड्यात तिची वही सुरू करा. मेकॅनिककडे जाताना ती बरोबर न्या. आपल्याला आपल्या मशिनची माहिती आहे हे दिसलं, की कुणी उगाच जास्तीचं काम काढत नाही.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार!