युरिया जातो कुठे?

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं जेमतेम पावणेएकवीस किलो. अनुदानामुळे गोणी स्वस्त, म्हणून पीक जरा निस्तेज दिसलं की हात आधी तिच्याकडेच जातो. पुढे शेतात त्या नत्राचं काय होतं, याबद्दल मात्र बांधावर भलतेसलते समज ऐकू येतात.

‘टाकला तेवढा पिकाला लागतो’

निम्मासुद्धा त्या हंगामाच्या पिकात उतरत नाही, असंच बहुतेक वेळा घडतं. मातीतलं युरिएज नावाचं विकर काही दिवसांत युरियाचं अमोनियम करतं. मग नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. या दोन्ही रूपांत पीक नत्र घेतं, पण दोन्हींना गळती आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास असतो. तिथे युरिया वरवर फेकून उघडा ठेवला की अमोनिया वायू होऊन उडून जातो. मातीआड केला तर हे नुकसान बरंच टळतं, म्हणून पेरून देण्याचा आग्रह.

नायट्रेटची गोष्ट निराळी. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे जोराच्या पावसात ते मुळांच्या खाली उतरतं आणि कधी विहिरीपर्यंत पोचतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं, कारण त्याचा पहिला धोका तान्ह्या मुलांना असतो. शेतात पाणी तुंबलं तर तिसरी वाट उघडते. प्राणवायू संपला की काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात आणि नत्र वायुरूपात वातावरणात परत जातं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडचा. शंभर वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो तो नायट्रेट होण्याचा वेग कमी करण्यासाठी. वेग कमी होतो, गळती बंद होत नाही.

‘सोयाबीन घेतलं, आता जमिनीत नत्रच नत्र’

हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. हवेत ७८ टक्के नत्र आहे खरं, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध फोडायला खत कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात. कौतुक करावं तेवढं थोडंच.

आता मळणीनंतरचा हिशोब करू. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एका क्विंटलमागे सुमारे सहा किलो नत्र. दहा क्विंटल माल बाजारात गेला की त्याबरोबर साठ किलो नत्र, म्हणजे युरियाच्या जवळजवळ तीन गोण्या, शेताबाहेर गेल्या. पिकातलं सगळंच नत्र काही हवेतून आलेलं नसतं. साधारण निम्मं किंवा थोडं अधिक गाठींनी मिळवलेलं, उरलेलं मातीतून उचललेलं. कुटारही गुरांना गेलं किंवा जाळलं, तर खात्यात शिल्लक फारशी राहत नाही, उलट काही वेळा तूटच निघते. जमिनीची खरी भर होते ती हिरवळीच्या खताने. तिथे बोरू किंवा धैंचा फुलोऱ्याच्या सुमाराला सगळाच गाडला जातो.

‘विजांच्या पावसाने शिवार हिरवं होतं’

विजेच्या उष्णतेने हवेतलं थोडं नत्र बांधलं जातं, पण जिवाणूंच्या कामापुढे ते किरकोळ. पहिल्या पावसानंतरच्या हिरवाईत मोठा वाटा मातीचाच असतो. उन्हाळाभर सुकलेली माती भिजते, तसे तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि मेलेल्या जीवांतलं, कुजक्या पाल्यातलं नत्र मोकळं करतात. तेव्हा पिकाच्या मुळ्या नुकत्याच फुटत असतात. हे आयतं नत्र त्यांच्या हाती लागण्याआधीच बरंचसं वाहून जातं, आणि याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

‘पिवळं म्हणजे युरिया कमी’

झडीनंतर सोयाबीन पिवळं पडलं की या समजापायी सर्वाधिक पैसा वाया जातो. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळेनासं झालं, की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुंबलेल्या पाण्यात श्वास कोंडलेल्या गाठीही काम थांबवतात. एक रोप उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी असेल तर ती जिवंत आहे आणि नत्र आणते आहे. वरची पानं पिवळी, गाठी गुलाबी, अशा वेळी युरिया नको. साचलेलं पाणी काढावं, वाफसा येऊ द्यावा आणि लागलीच तर फेरस सल्फेटची फवारणी करावी.