नृत्यसंगीतातील इंग्रजी शब्द व त्यांचे स्वीडिश अर्थ

परभाषेतील शब्दासमोर एक प्रतिशब्द लिहिला की अर्थ सांगून झाला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो कितपत खरा आहे, हे नृत्यसंगीतातील इंग्रजी शब्दांचे स्वीडिश अर्थ पाहिले असता स्पष्ट होते. इंग्रजी व स्वीडिश या दोन्ही भाषा जर्मानिक कुळातील आहेत. ‘डान्स’ला ‘दान्स’ आणि ‘म्यूझिक’ला ‘मुसीक’ असे शब्दही सहज जुळतात.

‘प्ले’ या शब्दाशी मात्र यादी अडते. अंगणात बागडणारे मूल, फुटबॉलपटू आणि व्हायोलिनवादक या तिघांच्याही क्रियेस इंग्रजीत ‘प्ले’ म्हणतात. स्वीडिशमध्ये मुलाच्या खेळण्यास ‘लेका’ हा शब्द आहे. फुटबॉल खेळणे व वाद्य वाजविणे या दोहोंस ‘स्पेला’ म्हणतात. मराठीत पहिल्या दोहोंस ‘खेळणे’ आणि तिसऱ्यास ‘वाजविणे’. क्रिया त्याच तीन. परंतु प्रत्येक भाषेने त्यांची वाटणी निराळी केली आहे.

‘की’ या शब्दाचेही तसेच आहे. कुलपाची किल्ली ती ‘न्युकेल’, पियानोची पट्टी ती ‘तान्येंट’, आणि गीत ज्या स्वरपट्टीत बांधलेले असते ती ‘तूनार्ट’. इंग्रजीतील एका शब्दास स्वीडिशमध्ये तीन शब्द लागतात. मराठीत दोन पुरतात. कारण पेटीची पट्टी आणि गायकाची पट्टी यांस आपण एकच नाव देतो.

याउलट, दिसण्यात जवळ असलेले शब्द अर्थाने दूर असू शकतात. ‘पोल्का’ हे बोहेमियातून १९ व्या शतकात पसरलेले दोन मात्रांचे नृत्य होय. स्वीडनचे लोकनृत्य ‘पोल्स्का’ हे सामान्यतः तीन मात्रांचे असून, त्या नावाचा मूळ अर्थ ‘पोलंडचे’ असा आहे. एका अक्षराच्या फरकाने तालच बदलतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. ‘प्ले म्हणजे खेळणे’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी पुढे ‘तो पेटी खेळतो’ असे भाषांतर करतो, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसून यादीचा असतो. म्हणून शिक्षकांनी नवा शब्द फळ्यावर एकटा लिहू नये. मुलाचे, खेळाडूचे व वादकाचे अशी तीन वाक्ये लिहावीत आणि प्रत्येकातील क्रियेस घरी काय म्हणतात, हे मुलांनाच विचारावे. योग्य शब्द मुले आपण होऊन सांगतील.