आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवातच का?
रिपोर्टवर ‘आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह’ दिसले की घर हादरते. पण एवढ्यावर आमवात ठरत नाही. क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये, इतकेच काय, धडधाकट म्हाताऱ्या माणसातही हा फॅक्टर सापडतो.

२०१० साली अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी मिळून १० गुणांचे निकष ठरवले; ६ भरले तर आमवात धरतात. पहिली अट, निदान एक सांधा सुजलेला हवा आणि सुजेला दुसरे कारण नको. चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्महिने धरतात, म्हणून मागे ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगाच. सर्वाधिक ५ गुण सांध्यांना आहेत. बोटे-मनगटाचे लहान सांधे जितके जास्त, तितके गुण जास्त. एकटा गुडघा असेल तर शून्य. आर.ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी यांना मिळून फार तर ३, ईएसआर-सीआरपी वाढल्यास १, त्रास ६ आठवडे टिकल्यास १.

म्हणजे रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले असूनही, बोटांसह १० हून अधिक सांधे ६ आठवडे धरलेले असतील तर ६ गुण भरतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘रिपोर्ट नॉर्मल, कामाचा थकवा’ म्हणून परत पाठवतात, तेव्हा नेमके हेच निसटते. उपचाराला उशीर झाला की सांधे वाकडे होतात, ते मग सरळ होत नाहीत. दवाखान्यात कागदाआधी हात पुढे करा.