लहान दुर्बीण आणि आकाशदर्शन

परतीचा पाऊस सरून दिवाळी आली, कीं मराठवाड्याचें आकाश निर्मळ होतें. मुरुडसारख्या गांवीं दिव्यांचा झगमगाट पुण्या-मुंबईहून पुष्कळ कमी; त्यामुळें घराचें माळवद किंवा गच्ची हीच वेधशाळा होऊं शकते. लहान दुर्बिणी हल्लीं बाजारांत सहज मिळतात व मुलांच्या हट्टास्तव पालक त्या घेऊनहि देतात. परंतु कित्येक घरीं ती दुर्बीण चार दिवसांतच कोनाड्यांत जाऊन पडते. असें होऊं नये म्हणून काय करावें, तें येथें थोडक्यांत सांगूं.

विद्यार्थिमित्रहो, पेटीवर 'पांचशें पट मोठें दिसेल' असें छापलेलें असल्यास त्यास भुलूं नका. दुर्बिणीचें मुख्य काम प्रकाश गोळा करणें हें आहे, आणि तो पुढील भिंगाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता, त्या काळीं नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं हैदराबादेस निजामिया वेधशाळा स्थापन केली. तिच्यासाठीं घेतलेल्या मोठ्या दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास १५ इंच होता. आपली दुर्बीण अडीच इंची धरली, तर तो व्यास सहापट, म्हणून प्रकाश छत्तीसपट! हाच दोहोंतील खरा भेद होय.

वस्तु किती पट मोठी दिसेल, हें काढणें सोपें आहे. पुढील भिंगाच्या केंद्रांतरास डोळ्याजवळच्या भिंगाच्या, म्हणजे नेत्रिकेच्या, केंद्रांतरानें भागावें. ७०० मिलिमीटरांस २५ नें भागलें असतां २८ पट, १० नें भागलें असतां ७० पट. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे गेल्यास चित्र अंधुक व अस्पष्ट होतें. अडीच इंच म्हणजे सुमारें ६३ मिलिमीटर. तेव्हां सव्वाशें पट ही तिची सीमा. तिपाई मात्र भक्कम हवी. ती डळमळली, तर उत्तम भिंगहि व्यर्थ.

दुर्बीण हातीं घेण्यापूर्वीं नुसत्या डोळ्यांनीं आकाश ओळखावें. मुरुडहून ध्रुव उत्तर क्षितिजावर सुमारें १८ अंश उंचीवर दिसतो. सप्तर्षि, कृत्तिका व मृग हीं ओळखूं येऊं लागलीं, कीं पुढें दुर्बीण वळविण्यास अडचण पडत नाहीं. नळीवरील लहान शोधक दुर्बीण दूरच्या देवळाच्या कळसावर दिवसाच जुळवून ठेवावी. आरंभ नेहमीं कमी पटीच्या नेत्रिकेनें करावा. चित्र उलटें दिसल्यास तो दोष समजूं नये.

प्रथम चंद्र पाहावा. पण पौर्णिमेचा नव्हे, तर शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. त्या वेळीं उजेड व अंधार यांच्या सीमेवर पर्वतांच्या छाया लांब पडून विवरें उठून दिसतात. नंतर गुरु पाहावा. त्याचे चार मोठे चंद्र गॅलिलिओनें जानेवारी १६१० मध्यें सुमारें वीस पटींच्या दुर्बिणीनेंच पाहिले! आपणहि आठवडाभर रोज ठराविक वेळीं त्यांचीं स्थानें वहींत ठिपक्यांनीं मांडावीं. ते गुरूभोंवतीं फिरतात, हें पुस्तकाशिवाय कळेल. शनीचें कडें व मृगाच्या पट्ट्याखालील तेजोमेघ हेहि दिसतात. छापील चित्रांतील रंग मात्र दिसणार नाहींत. ही अपेक्षा मनांतून काढावी, म्हणजे निराशा होणार नाहीं.

आतां पालकांस एक कळकळीची विनंति. सूर्याकडे दुर्बिणीनें क्षणभरहि पाहूं देऊं नये. दृष्टि कायमची जाऊं शकते. नेत्रिकेवर लावावयाची काळी कांच उष्णतेनें तडकते, म्हणून तिच्यावर विसंबणें घातक आहे. दिवसा दुर्बीण मुलांच्या हातीं एकटी सोंपवूं नये.

निजामिया वेधशाळेंतील वेधकर्त्यांनीं आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशासाठीं वर्षानुवर्षें छायाचित्रें घेऊन लक्षावधि ताऱ्यांचीं स्थानें मोजलीं. पुण्यास १९४४ सालीं हौशी मंडळींनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली. या सर्वांची पुंजी एकच, ती म्हणजे नियमितपणा. महागडी दुर्बीण नसली तरी चालेल; एक वही, एक पेन्सिल आणि रोजचा अर्धा तास एवढें मात्र आजपासून बाजूस काढून ठेवावें.