कागदावरचा 'एफ २०' म्हणजे काय? मनाच्या आजारांची नावं कशी ठरतात

घरात कुणाचं मन बिघडलं की आपल्याकडे दोनच कप्पे असतात. एक 'वेड', दुसरा 'असर'. तिसराही आहे, 'नाटकं करतेय', पण तो बहुतेक वेळा सुनेसाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर एफ २० किंवा एफ ३२ असं काही दिसलं की घरचे घाबरतात आणि कागद कपाटात लपवतात. तो आकडा काय सांगतो, ते आज आम्ही मांडत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या आजारांची एक यादी केलेली आहे, तिला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत 'एफ' हे अक्षर मनाच्या आजारांसाठी होतं. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३२ म्हणजे डिप्रेशनचा झटका. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात स्किझोफ्रेनियाचा क्रमांक ६ए२० आहे, पण जुने आकडे अजूनही कागदांवर दिसतात. अमेरिकेतल्या मनोविकार डॉक्टरांच्या संघटनेची डीएसएम नावाची वेगळी यादी आहे. तीही आपल्याकडचे डॉक्टर बघतात.

आता खरी अडचण. साखर रक्तात मोजता येते, उदासी मोजता येत नाही. थायरॉइड वगैरे दुसरं कारण नाही ना, एवढ्यासाठी रक्त तपासतात, पण डिप्रेशन दाखवणारी अशी रक्ताची तपासणी नाही. म्हणून डॉक्टर चार गोष्टी पाहतात: लक्षणं कोणती, किती दिवसांपासून, माणसाला त्रास किती, आणि रोजचं काम किती अडलंय. डिप्रेशन म्हणायचं तर उदासी किंवा कशातच रस नसणं जवळपास रोज, निदान दोन आठवडे असावं लागतं. सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांची तक्रारही असते. दोन दिवस मूड गेला, हे त्यात बसत नाही.

शोकाचंही तसंच. अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाचा वेगळा आजार धरलाय. पण त्यासाठी मृत्यूनंतर सहा महिन्यांहून जास्त काळ जायला हवा, आणि त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपेक्षा शोक स्पष्टपणे जास्त असायला हवा. इद्दतीतल्या बाईचे चार महिने दहा दिवसांचे अश्रू हा आजार नव्हे.

वसवसा आपल्या घरांत चांगलाच ओळखीचा. वुजू झाला की नाही या शंकेने कुणी तासतास नळाखाली हात धरून बसतो, नमाज पुन्हा पुन्हा मोडून नव्याने बांधतो. लोक म्हणतात, किती परहेजगार आहे! त्याचा मात्र जीव मेटाकुटीला आलेला असतो. हे ओसीडी असू शकतं, त्यावर गोळ्या आहेत आणि खास पद्धतीची समुपदेशनाची उपचारपद्धतीही आहे.

आणि हे काही फक्त पश्चिमेचं ज्ञान नाही. बल्खचे अबू ज़ैद अल-बल्खी (निधन ९३४) यांनी आपल्या 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या किताबात मनाच्या तक्रारी चार भागांत मांडल्या: राग, भीती, दुःख आणि वसवसा. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले. एकाचं कारण माहीत असतं, दुसऱ्याचं सापडत नाही. दुसऱ्याचं मूळ ते शरीरात शोधत होते. हजार वर्षांपूर्वी!

मग असराचं काय? अंगात येणं, ताबा जाणं यांचीही नोंद या याद्यांत आहे. पण जे समाजात धार्मिक रीत म्हणून मान्य आहे त्याला त्या आजार म्हणत नाहीत. माणसाच्या मर्जीविरुद्ध घडतं, त्रास देतं, तेव्हाच आजार. दुआ, दम कुणी बंद करा म्हणत नाही. गोळी बंद करून फक्त तेच करणं, तिथे आमचा विरोध आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे.

हाच कायदा म्हणतो की आजार मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरेल. समाजाच्या रीतीभाती किंवा श्रद्धा मानत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मर्जीचं लग्न करायचं म्हणणाऱ्या मुलीला 'डोक्यात फरक पडलाय' म्हणून डॉक्टरकडे ओढणाऱ्यांनी हे वाचावं. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजारी आहे असंही ठरत नाही. रिश्ता जोडताना हे विसरलं जातं. आरोग्य विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे, आणि क्लेमच्या कागदांवर तोच आकडा लागतो.

नाव मध्येच बदललं तर डॉक्टरला काही कळत नाही असं समजू नका. आज डिप्रेशन वाटणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी आठवडाभर जवळजवळ न झोपता, भरमसाट बोलत, पैसे उधळत फिरला असेल, तर तो बायपोलर असू शकतो. त्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर ती तेजी पुन्हा उसळण्याचा धोका असतो. ही जुनी गोष्ट डॉक्टरला अम्मीच सांगू शकते. म्हणून जाताना कधी सुरू झालं, झोप किती, आधी असं काही झालं होतं का, खानदानात कुणाला होतं का, हे वहीत लिहून न्या. जायच्या आधी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.