प्रवाळ मत्स्यालयातील फॉस्फेटचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना

प्रवाळभित्तीभोवतीचे समुद्रजल पोषकद्रव्यांच्या दृष्टीने अत्यंत दरिद्री असते. त्यातील फॉस्फेटचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमहूनही कमी असते. तरीही तेथे विपुल जीवसृष्टी नांदते, कारण प्रवाळ व त्यांच्या पेशींतील सहजीवी शैवाल उपलब्ध फॉस्फरसचा पुनःपुन्हा वापर करतात. काचेच्या बंदिस्त टाकीत हे चक्र अपुरे पडते व फॉस्फेट साचू लागते. ते शून्यावर आणणे हे व्यवस्थापनाचे उद्दिष्ट नसून अल्प परंतु स्थिर ठेवणे हे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फॉस्फेटचे स्रोत

टाकीतील बहुतांश फॉस्फेट माशांच्या खाद्यातून येते. कोरड्या खाद्यात १ टक्का फॉस्फरस आहे असे धरल्यास १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजेच सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट मिळते. ते सर्व २०० लिटर पाण्यात विरघळल्यास प्रमाण लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमने वाढेल. नळाचे पाणी हा दुसरा संभाव्य स्रोत होय. म्हणून कृत्रिम समुद्रजल आर.ओ. प्रक्रिया केलेल्या पाण्यात तयार करणे इष्ट ठरते. तिसरा स्रोत बहुधा दुर्लक्षित राहतो. टाकीतील कॅल्शियम कार्बोनेटयुक्त खडक व वाळू आपल्या पृष्ठभागावर फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण उतरताच ते पुन्हा सोडू लागतात. उपाययोजनेनंतर कमी झालेला आकडा काही दिवसांत पुन्हा चढतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आधिक्य आणि अभाव

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या वन ट्री बेटाजवळ किन्सी व डेव्हिस यांनी प्रवाळभित्तीच्या एका भागात नायट्रोजन व फॉस्फेटची मात्रा दीर्घकाळ वाढवून पाहिली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॅल्सीभवन ५० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकवाढीत अडथळा आणते, हे त्याचे स्पष्टीकरण होय. शिवाय अतिरिक्त फॉस्फेटमुळे उपद्रवी शैवाल माजून प्रवाळांची जागा व्यापते.

तथापि अभावही तितकाच घातक आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातील वीडेनमान व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की नायट्रेट भरपूर व फॉस्फेट अत्यल्प असल्यास सहजीवी शैवालाच्या पेशीपटलांची घडण बिघडते आणि उष्णता व प्रखर प्रकाशात प्रवाळ विरंजनास लवकर बळी पडतात. म्हणूनच अनेक मत्स्यालयधारक लिटरमागे साधारणतः ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम ही मर्यादा सोयीची मानतात.

मापन

मापनासाठी मर्फी व रायली यांची १९६२ ची मॉलिब्डेनम-निळा पद्धत आधारभूत आहे. अल्प प्रमाणात येणारी फिकट निळी छटा डोळ्यांना नीट ओळखता येत नसल्याने प्रकाशमापी उपकरण वापरावे. आकडा फॉस्फरसचा आहे की फॉस्फेटचा, हेही तपासावे. फॉस्फरसच्या आकड्यास ३.०७ ने गुणल्यावर फॉस्फेटचा आकडा मिळतो. टाकीत शैवाल दाट असताना आलेले ‘शून्य’ फसवे असू शकते, कारण फॉस्फेट पाण्यात नसून शैवालात गेलेले असते.

नियंत्रणाचे उपाय

प्रथम खाद्य मोजून द्यावे व उरलेले काढून टाकावे. प्रोटीन स्किमर सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वीच फेसावाटे बाहेर काढतो. स्वतंत्र प्रकाशित कप्प्यात कीटोमॉर्फासारखे शैवाल वाढवून त्याची नियमित छाटणी केल्यास त्यात साठलेला फॉस्फरसही टाकीबाहेर जातो. २० टक्के पाणी बदलल्याने मात्र विरघळलेले फॉस्फेट फार तर २० टक्क्यांनीच घटते. एवढ्याने न भागल्यास दाणेदार फेरिक ऑक्साइडचा वापर थोड्या मात्रेपासून सुरू करावा. लँथॅनम क्लोराइडमुळे फॉस्फेटचा अविद्राव्य साका तयार होतो. तो सूक्ष्म गाळणीने अडविला नाही तर माशांच्या कल्ल्यांना अपाय होऊ शकतो. उपाय कोणताही असो, घट सावकाश व्हावी. अचानक झालेली घट प्रवाळांना मानवत नाही.

समारोप

भारतात सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यामुळे असे प्रवाळ समुद्रातून आणून महाविद्यालयात टाकी उभारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र मासे, चुनखडीचे खडक व शैवाल एवढ्यांच्या साहाय्यानेही फॉस्फरसचा जमाखर्च एका सत्रात मांडता येईल. खाद्यातून किती आले, पाण्यात किती उरले, छाटलेल्या शैवालातून किती गेले, हे पाहताना प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र हे तिन्ही विभाग एकत्र येतात. जमेतील जो भाग पाण्यात वा शैवालात सापडणार नाही, त्याचा शोध खडकात, वाळूत व गाळात घ्यावा लागेल. पाण्याची चाचणी हा परिसंस्थेच्या हिशेबाचा केवळ एक रकाना आहे, हे विद्यार्थ्यांस त्यातूनच उमगेल.